शोभादर्शकाचे जनक सर डेव्हिड ब्रूस्टर

भोर अथवा वेल्हे भागांतील शाळेंत असा वर्ग क्वचितच सांपडेल कीं, ज्यांतील एखाद्या मुलानें कांचेच्या तीन पट्ट्या, थोडासा काळा कागद व फुटक्या बांगड्यांचे तुकडे एवढ्या साहित्यावर शोभादर्शक बनविलेला नाहीं. पट्ट्या त्रिकोणी बांधावयाच्या, त्यांवर काळा कागद गुंडाळावयाचा, एका टोंकास पातळ कागद चिकटवून आंत तुकडे सोडावयाचे व दुसऱ्या टोंकास डोळा लावून नळी फिरवावयाची. कीं लगेच लाल, हिरव्या व निळ्या पाकळ्यांचीं फुलें उमलूं लागतात. इंग्रजींत ह्या यंत्रास कॅलिडोस्कोप म्हणतात. तें नांव ग्रीक भाषेंतील तीन शब्द जोडून बनविलेलें असून, सुंदर आकार पाहावयाचें साधन असा त्याचा अर्थ आहे. अलीकडे हीच गंमत मोबाईलवर व संगणकावर होऊं लागली आहे. राजगडाचें वा भातखाचरांचें छायाचित्र घेऊन त्याचें क्षणार्धांत षट्‌कोनी फूल करून दाखविणारे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. परंतु हें यंत्र कोणीं काढलें, असें विचारतांच बहुतेक मुलें गप्प बसतात. म्हणून यंदा त्या गृहस्थाचें चरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डेव्हिड ब्रूस्टर यांचा जन्म ता. ११ डिसेंबर १७८१ रोजीं स्कॉटलंडांतील जेडबरो ह्या लहानशा गांवीं झाला. वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. शिस्तीचे कडक, विद्येचे भोक्ते, व आपल्या सर्व मुलांनीं धर्मोपदेशक व्हावें अशा इच्छेचे. डेव्हिड नऊ वर्षांचे असतां त्यांची आई वारली. शाळेंतील विद्या वडिलांपाशीं मिळत होतीच, पण खरी गोडी लागली ती दुसऱ्या एका माणसाच्या घरीं. गांवाजवळ इंचबॉनी येथें जेम्स व्हीच नांवाचा एक नांगर करणारा कारागीर राहत असे. दिवसां नांगर घडवावे व रात्रीं दुर्बिणी घडवाव्या, आकाशांतील ग्रह पाहावे, व जो कोणी जिज्ञासु मुलगा येईल त्यास शिकवावें, असा त्याचा क्रम होता. त्याच्याकडे जाणाऱ्या मुलांत डेव्हिड सर्वांत लहान. त्यांनीं दहाव्या वर्षीं स्वतः एक दुर्बीण तयार केली असें सांगतात. मुख्याध्यापकाच्या मुलानें सुताराच्या भात्यापाशीं बसून शास्त्र शिकावें, ही गोष्ट आमच्या पालकवर्गानें अवश्य ध्यानांत घ्यावी; हातांत करवत घेतली म्हणून मुलाचें पुस्तक सुटतेंच असें नाहीं.

बाराव्या वर्षीं त्यांस एडिंबरो येथील विद्यापीठांत घालण्यांत आलें. त्या काळीं इतक्या कोंवळ्या वयांत तेथें प्रवेश मिळत असे. इ. स. १८०० त ते एम्. ए. झाले व १८०४ त त्यांस उपदेश करण्याचा परवाना मिळाला. त्यांचे तिघे भाऊही ह्याच मार्गानें गेले व पाळक झाले. डेव्हिड यांचें मात्र जमलें नाहीं. विद्वत्तेंत न्यून नव्हतें, श्रद्धेंतही नव्हतें; पण व्यासपीठावर उभें राहिलें कीं त्यांस घाबरें होई, घेरी येई. थोड्याच उपदेशांनंतर त्यांनीं तो मार्ग सोडून दिला. वडिलांची इच्छा, दहा वर्षांचें शिक्षण आणि घराण्याची रीत ह्या सर्वांस मुकून तेविसाव्या वर्षीं त्यांच्यापुढें पोटाचा प्रश्न उभा राहिला. पुढें तीस वर्षांहून अधिक काळ त्यांस कायमची नोकरी मिळाली नाहीं. मुलांस घरीं शिकविणें, मासिकें चालविणें व पुस्तकें लिहिणें ह्यांवरच त्यांचा संसार चालला. एडिंबरोच्या ज्ञानकोशाचें संपादन त्यांनीं १८०८ त हातीं घेतलें. त्याचे अठरा खंड पुरे होण्यास १८३० साल उजाडलें. १८१० त त्यांचा विवाह ज्युलिएट मॅक्फर्सन हिच्याशीं झाला. तिचे वडील जेम्स मॅक्फर्सन हे ओसियनच्या काव्यांमुळें युरोपभर गाजलेले ग्रंथकार होत.

विद्यार्थिदशेंतच हेन्री ब्रूम नांवाच्या सहाध्यायाच्या सांगण्यावरून ब्रूस्टर यांनीं न्यूटनचे प्रकाशाचे प्रयोग पुन्हा करून पाहण्यास आरंभ केला होता. तो नाद जन्मभर सुटला नाहीं. घरांतील एक अंधारी खोली, थोड्या कांचा, स्फटिकाचे तुकडे व मेणबत्ती एवढ्यावर त्यांचें काम चाले. कांचेवर अथवा पाण्यावर प्रकाश एका ठराविक कोनांत पडला असतां परत फिरणारा प्रकाश एकाच पातळींत कंप पावणारा असतो, व तो कोन त्या पदार्थाच्या वक्रीभवनांकावरून काढतां येतो, हा नियम त्यांनीं १८१५ त प्रसिद्ध केला. पाण्याच्या बाबतींत हा कोन सुमारें ५३ अंश व साध्या कांचेच्या बाबतींत सुमारें ५६ अंश येतो. भाटघरच्या धरणावर दुपारीं उभें राहून जलाशयाकडे पाहिलें तर डोळे दिपतात. पण छायाचित्रकार आपल्या कॅमेऱ्यावर एक विशिष्ट कांच बसवून फिरवितो आणि पाण्यावरील चकाकी नाहींशी होऊन खालचा तळ दिसूं लागतो. ती कांच ह्याच नियमावर चालते, व त्या कोनास आजही ब्रूस्टरचा कोन असेंच म्हणतात. ह्या कामाबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस त्याच वर्षीं कोप्ले पदक दिलें व आपला सभासदही करून घेतलें.

शोभादर्शक निघाला तो ह्याच कामांतून. खेळणें काढावें असा कोणाचाही हेतु नव्हता. १८१४ त ब्रूस्टर दोन कांचांमध्यें प्रकाश पुनःपुन्हा परावर्तित करून पाहत होते. कांचा एकमेकींशीं तिरप्या ठेवल्या असतां मेणबत्तीच्या प्रतिमा मधल्या एका बिंदूभोंवतीं वर्तुळांत बसलेल्या त्यांस दिसल्या. त्या वेळीं त्यांनीं ती गोष्ट तेवढ्यावर सोडून दिली. पुढें कांहीं काळानें ते निराळ्या प्रयोगासाठीं दोन कांचा लुकणानें जोडून त्यांची पन्हळी करून तींत द्रवपदार्थ भरून पाहत होते. सांध्यांतून थोडें लुकण पलीकडे दाबून बाहेर आलें होतें. ओबडधोबड ढेंकळ तें. पण कांचांच्या मधून पाहतांच त्याची सुरेख, सारख्या पाकळ्यांची आकृति झालेली त्यांस दिसली. मेणबत्ती दूर होती म्हणून तिच्या प्रतिमा नीट जुळत नव्हत्या. लुकण कांचांच्या अगदीं टोंकास चिकटलेलें होतें म्हणून त्याची आकृति बिनचूक बसली. दोहोंमधील हा भेद दुसऱ्या कोणाच्या ध्यानांत आला असता किंवा नाहीं कोण जाणे. ब्रूस्टर यांच्या तो लगेच ध्यानांत आला, व सर्व यंत्र त्यावरच उभारलें गेलें.

ह्या यंत्राचें शास्त्र थोडक्यांत सांगतां येण्याजोगें आहे. दोन आरसे ६० अंशांच्या कोनांत ठेवले तर मधली वस्तु व तिच्या पांच प्रतिमा मिळून सहा पाकळ्या होतात. ४५ अंशांवर आठ होतात व ३० अंशांवर बारा. ३६० ला त्या कोनानें निःशेष भाग गेला पाहिजे, व भागाकार सम आला पाहिजे. कोन ५० अंशांचा केला तर शेवटची पाकळी अर्धवट तुटते. ७२ अंशांचा केला तर पाकळ्या पांच होतात खऱ्या, पण प्रत्येक पाकळी शेजारणीची उलट प्रतिमा असल्यामुळें पांचवी व पहिली ह्यांच्या शिवणीवर नक्षी जुळत नाहीं. वस्तु आरशांच्या टोंकास लागून असावी व डोळा आरशांच्या सांध्याजवळ असावा, म्हणजे सर्व पाकळ्यांचा उजेड होईल तितका सारखा दिसतो. हे सर्व नियम त्यांनीं १८१९ त एक स्वतंत्र ग्रंथ लिहून मांडले. आमचीं मुलें तीन पट्ट्यांचा करतात त्या प्रकारांत एकच फूल न दिसतां सर्व दृष्टिपथ त्रिकोणांनीं भरून जातो. तोही प्रकार ह्याच ग्रंथकाराच्या विचारांत होता.

नळीच्या टोंकास रंगीत कांचा भरण्यावर ते थांबले नाहींत. त्यांनीं दुसरा एक शोभादर्शक केला, त्याच्या तोंडास बहिर्गोल भिंग बसविलें. भिंगाच्या योगानें दूरचें झाड, फूल वा चालता माणूस ह्यांची प्रतिमा बरोबर आरशांच्या टोंकाशीं पडते, आणि मग सगळी सृष्टीच त्या नळींत फूल होऊन फिरूं लागते. हल्लींचे विद्यार्थी छायाचित्रांवर जें करतात त्याचें मूळ बांगड्यांच्या नळीपेक्षां ह्या भिंगाच्या नळींत अधिक आहे असें आम्हांस वाटतें. तोरण्याच्या वाटेवरील कारवीचें छायाचित्र घ्या, अथवा राजगडाच्या सुवेळा माचीवरील नेढ्याचें घ्या. त्यांतून ६० अंशांची एक फांक कापावी. तिची आरशांतल्यासारखी उलट प्रत काढून तिला चिकटवावी. ह्या १२० अंशांच्या जोडीच्या आणखी दोन प्रती काढून त्या एकाच मध्यबिंदूभोंवतीं फिरवून बसवाव्या. झालें फूल पुरें. संगणक हें काम डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच करतो; पण ५० अंशांची फांक त्यालाही बसवितां येत नाहीं. एक लाभ मात्र ह्या नव्या रीतींत आहे, जो ब्रूस्टर यांस मिळाला नाहीं. प्रत्येक परावर्तनांत थोडा उजेड नष्ट होतो, म्हणून नळींतील दूरच्या पाकळ्या नेहमीं किंचित् मंद असतात. संगणकांत सहाही पाकळ्या सारख्याच उजळ. उलटपक्षीं नळी हलली कीं गेलेलें फूल पुन्हा येत नाहीं, ही हुरहुर संगणकांत नाहीं. कदाचित् म्हणूनच त्यावरील चित्रें पाहतांना मुलें लवकर कंटाळतात. ह्या दोहोंच्या मधली एक पायरीही इतिहासांत आहे : १९१७ च्या सुमारास आल्व्हिन लँग्डन कोबर्न नांवाच्या छायाचित्रकारानें लंडन येथें कॅमेऱ्यापुढें तीन आरशांचा त्रिकोण धरून छायाचित्रें काढलीं व तीं प्रदर्शनांत मांडलीं.

ब्रूस्टर यांस आपल्या शोधाचा हक्क १८१७ च्या जुलै महिन्यांत मिळाला. बर्मिंगहॅमचे भिंगकार फिलिप कार्पेंटर यांजकडे यंत्रें करण्याचें काम सोंपविलें. येथपर्यंत सर्व यथास्थित झालें. पुढें मात्र विपरीत घडलें. हक्काचा लाभ पदरांत पडण्यापूर्वींच यंत्राचा नमुना लंडनच्या कांहीं भिंगकारांच्या दृष्टीस पडला होता. नळी, दोन आरसे, चार तुकडे. नक्कल करावयास असें काय अवघड? कथिलाच्या व पुठ्ठ्याच्या नळ्या जो तो करूं लागला. लंडन व पॅरिस ह्या दोन शहरांत मिळून तीन महिन्यांत सुमारें दोन लाख नळ्या खपल्या असा अंदाज आहे. रस्त्यांत मोठीं माणसें नळी डोळ्यास लावून उभीं राहत. गोरगरिबांचीं मुलें त्या रस्त्यांवर विकत. कार्पेंटर यांचा कारखाना मागणी पुरी करूं शकला नाहीं, तेव्हां इतर कारखानदारांस परवानगी द्यावी लागली. पण तोंवर वेळ निघून गेली होती. त्यांत भर म्हणून दोन आरशांची युक्ति जुनीच आहे, किर्चर व ब्रॅडली ह्यांनीं ती मागेंच लिहून ठेविली आहे, असा वाद निघाला. वस्तुतः ब्रॅडलीचे आरसे वहींतील चित्रावर उभे करावयाचे होते व त्यांचा उपयोग बागेच्या आंखणीसाठीं होता. वस्तु कोठें असावी, डोळा कोठें असावा ह्याचा विचार त्यांत नव्हता. ब्रूस्टर यांचें दुःख पैशांपुरतें नव्हतें. विकल्या गेलेल्या लाखों नळ्यांपैकीं हजारभरही शास्त्रशुद्ध नव्हत्या, आणि ज्यांनीं त्या घेतल्या त्यांनीं खरा शोभादर्शक पाहिलाच नाहीं, ही गोष्ट त्यांस अधिक लागली. गालिचे विणणारे, कापड छापणारे, खिडक्यांच्या रंगीत कांचा बसविणारे ह्यांनीं नवी नक्षी शोधावी म्हणून हें यंत्र त्यांस द्यावयाचें होतें. जगानें त्याचें खेळणें केलें. आम्हांस विचाराल तर जगानें फारसें वाईट केलें नाहीं. पण ज्याच्या घरीं चार मुलें व हातीं नोकरी नाहीं त्यास हें पटणें कठीण.

ह्यानंतरचीं वर्षें मानाचीं आणि दुःखाचीं अशीं दोन्ही गेलीं. १८२८ त त्यांचा दुसरा मुलगा चार्ल्स नदींत बुडून मरण पावला. तो अवघा पंधरा वर्षांचा होता. १८३१ त विज्ञानाच्या उन्नतीसाठीं ब्रिटिश असोसिएशन ही संस्था यॉर्क येथें स्थापन झाली, तींत ब्रूस्टर हे पुढाकार घेणाऱ्यांपैकीं प्रमुख होते. त्याच सुमारास त्यांस सर ही पदवी मिळाली. परंतु १८३३ त एडिंबरो विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली असतां ती त्यांस न देतां जेम्स फोर्ब्स ह्या तेवीस वर्षांच्या तरुणास देण्यांत आली. फोर्ब्स हे ब्रूस्टर यांनींच पूर्वीं हातीं धरून पुढें आणलेले. एकावन्नाव्या वर्षीं, पदकें व शेंकडों निबंध पाठीशीं असतां, आपल्याच शिष्यवजा मुलाकडून मागें पडणें म्हणजे काय, हें ज्यानें अनुभविलें असेल त्यासच कळेल.

येथें त्यांच्या स्वभावाविषयीं थोडें लिहिणें प्राप्त आहे. ब्रूस्टर हे भांडखोर होते. दीपगृहांसाठीं अनेक तुकडे जोडून मोठें भिंग करावें ही कल्पना त्यांनीं १८१२ च्या सुमारासच लिहून ठेविली होती; फ्रान्सांत फ्रेनेल यांनीं ती स्वतंत्रपणें काढून १८२२ त प्रत्यक्षांत आणली. स्कॉटलंडच्या दीपगृहांच्या अधिकाऱ्यांनीं विलंब लावला म्हणून ब्रूस्टर त्यांच्याशीं वर्षानुवर्षें भांडत राहिले, व ह्या भांडणांत न्याय पुष्कळसा त्यांच्या बाजूस होता. पण व्हीट्स्टन यांच्याशीं ते भांडले तेव्हां तो नव्हता. दोन डोळ्यांस दोन निराळीं चित्रें दाखवून एक घन चित्र भासविण्याचें यंत्र व्हीट्स्टन यांनीं आरसे वापरून केलें व १८३८ त जाहीर केलें. ब्रूस्टर यांनीं १८४९ त आरशांऐवजीं भिंगें घालून तें सुटसुटीत पेटीच्या रूपांत आणलें. ही सुधारणा खरोखर मोठी. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत ती पेटी व्हिक्टोरिया राणीस आवडली आणि मग घरोघर पसरली. एवढ्यावर समाधान न मानतां मूळ कल्पनेचा मानही व्हीट्स्टन यांचा नव्हे, असें त्यांनीं १८५६ त वर्तमानपत्रांतून प्रतिपादन केलें. आपल्या शोधाचा मान लोकांनीं हिरावून घेतला म्हणून ज्यानें इतकें सोसलें, त्यानेंच दुसऱ्याच्या मानावर हात टाकावा हें आम्हांस रुचत नाहीं.

दुसरा हट्ट शास्त्रांतला. प्रकाश हा लाटांच्या रूपानें जातो असें त्या काळचे बहुतेक शास्त्रज्ञ मानूं लागले होते, आणि त्यास आधार म्हणून ते ज्या प्रयोगांकडे बोट दाखवीत त्यांतील पुष्कळसे खुद्द ब्रूस्टर यांनींच केलेले होते. तरी ते न्यूटनप्रमाणें प्रकाश कणांचाच आहे असें धरून बसले. न्यूटनवर त्यांची भक्तीच होती. १८३१ त त्यांनीं त्याचें लहान चरित्र लिहिलें व १८५५ त मोठें, दोन खंडांचें. ह्या दुसऱ्याच्या वेळीं न्यूटनचे खाजगी कागद त्यांस पाहावयास मिळाले. त्यांत किमयेविषयींचीं टिपणें निघालीं, धर्मासंबंधीं प्रचलित मतांहून भिन्न विचार निघाले. लेखकास तें पाहून खेद झाला. तरीही त्यांनीं ते दडवून न टाकतां त्यांचा उल्लेख केला, ह्याबद्दल त्यांस श्रेय दिलें पाहिजे.

१८३८ त, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, त्यांस अखेर स्थिर जागा मिळाली : सेंट अँड्र्यूज येथील कॉलेजचे प्रिन्सिपॉल. पांच वर्षांनीं ती जाण्याची पाळी आली. १८४३ च्या मे महिन्यांत स्कॉटलंडच्या चर्चमध्यें मोठी फूट पडली. पाळक नेमण्याचा अधिकार मंडळीचा कीं जमीनदाराचा, ह्या प्रश्नावरून चारशें सत्तरांहून अधिक पाळक आपलें घर व वेतन सोडून बाहेर पडले व त्यांनीं स्वतंत्र चर्च स्थापिलें. ब्रूस्टर त्यांच्याबरोबर गेले. ज्या कॉलेजांत ते होते तें जुन्या चर्चच्या वळणाचें, तेव्हां त्यांस काढून टाकावें म्हणून खटपट झाली. पण ती सिद्धीस गेली नाहीं. तिकडील ह्या फुटीचा परिणाम आमच्या प्रांतापर्यंत पोंचला. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन, ज्यांचें नांव पुढें तेथील महाविद्यालयास मिळालें, तेही त्याच वर्षीं नव्या चर्चकडे गेले.

ह्याच प्रसंगीं छायाचित्रणाच्या इतिहासांत ब्रूस्टर यांचें नांव कायमचें गोंवलें गेलें. कागदावर छायाचित्र उमटविण्याची रीत शोधणारे टॅल्बट हे त्यांचे स्नेही. टॅल्बट यांनीं आपल्या रीतीचा हक्क इंग्लंडांत राखला, स्कॉटलंडांत राखला नाहीं. त्यामुळें सेंट अँड्र्यूज येथें ब्रूस्टर व त्यांचे सोबती मोकळेपणानें प्रयोग करूं शकले. फुटीच्या वेळीं डेव्हिड हिल नांवाच्या चित्रकारानें बाहेर पडलेल्या सर्व पाळकांचें एक भव्य चित्र काढण्याचें मनांत आणलें. इतके चेहरे रेखाटावयाचे कसे? ब्रूस्टर यांनीं त्यांस छायाचित्रांची मदत घेण्यास सुचविलें व रॉबर्ट अ‍ॅडमसन ह्या तरुणाशीं गांठ घालून दिली. चित्र पुरें होण्यास १८६६ साल उजाडलें. पण हिल व अ‍ॅडमसन ह्या जोडीनें मध्यंतरीं काढलेलीं छायाचित्रें आज जगांतील उत्तम जुन्या छायाचित्रांत गणलीं जातात. मूळ चित्रापेक्षां त्यासाठीं केलेली तयारीच अधिक गाजली, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

पत्नी ज्युलिएट १८५० त वारली. १८५७ त, पंचाहत्तर वर्षांचे असतां, त्यांनीं पुनर्विवाह केला. १८५९ त ते एडिंबरो विद्यापीठाचे प्रिन्सिपॉल झाले. पूर्वीं ज्या ठिकाणीं अध्यापकाची जागा नाकारली गेली होती तेथेंच ते आतां सर्वांचे मुख्य होऊन आले, आणि फोर्ब्स त्याच सुमारास तेथून निघून सेंट अँड्र्यूजला ब्रूस्टर यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर गेले. दोघांच्या जागांची ही अदलाबदल त्यांच्याच शोभादर्शकाला शोभण्यासारखी होती. १८५८ त शोभादर्शकावरील त्यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति निघाली. चाळीस वर्षांनंतरही त्या नळीवरील त्यांचें लक्ष उडालें नव्हतें.

ता. १० फेब्रुवारी १८६८ रोजीं मेलरोझजवळील अ‍ॅलर्ली येथें त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय शहाऐंशी वर्षांचें होतें. मेलरोझच्या जुन्या मठाच्या आवारांत, ज्युलिएट व बुडून गेलेला चार्ल्स ह्यांच्याशेजारीं, त्यांस पुरण्यांत आलें. त्यांची कन्या मार्गारेट हिनें पुढल्याच वर्षीं वडिलांच्या घरगुती आयुष्याचें पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें. त्यांच्याविषयीं जें आज माहीत आहे त्यांतील पुष्कळसें ह्याच पुस्तकामुळें राहिलें आहे.